धाराशिवला न आलेले इंजिन

१/८
धाराशिव जिल्ह्याच्या रेल्वेचा विषय निघाला की बार्शी लाइटच्या धुराच्या आठवणी निघतात. या स्मरणरंजनाला माझी हरकत नाही. मात्र या जिल्ह्याचा रेल्वे-इतिहास खऱ्या अर्थाने समजून घ्यायचा, तर इथे कधीच येऊ न शकलेल्या एका इंजिनाकडे पाहावे लागेल.

२/८
ते इंजिन म्हणजे अमेरिकेच्या अल्को कंपनीचे एस-२. निर्मितीकाळ १९४० ते १९५०, ताकद १,००० अश्वशक्ती. यार्डात डबे जोडणे, सोडवणे, मालगाडी रचून देणे, म्हणजेच शंटिंग, हे त्याचे काम.

३/८
त्यातील डिझेल इंजिन जनित्र फिरवते आणि जनित्राची वीज आसांवरील मोटारींना मिळते. या मोटारींचा जोर गाडी जागची हलण्याच्या क्षणी सर्वाधिक असतो. शंटिंगला नेमका तोच लागतो. वाफेच्या इंजिनासारखी भट्टी पेटती ठेवणे नको, वारंवार पाणी भरणे नको. जगभरच्या यार्डांचे रूप अशा इंजिनांनी पालटले.

४/८
आता आकडे पाहा. एस-२ चे वजन सुमारे १०४ टन, आस चार. म्हणजे प्रत्येक आसावर २६ टन. बार्शी लाइटचे शिल्पकार एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी आपल्या अडीच फुटी मार्गासाठी ठरवलेली मर्यादा होती अवघी ५ टन!

५/८
मग दोष कॅलथ्रॉप यांचा? मला तसे वाटत नाही. हलके रूळ आणि कमी खर्च, यांमुळेच १८९७ मध्ये बार्शीला आणि पुढे येडशी, तडवळे या निजामी मुलखातून १९११ पर्यंत लातूरला गाडी पोहोचली.

६/८
पण स्वस्ताईची किंमत कुर्डुवाडीत मोजावी लागली. तिथे छोटा मार्ग संपून मोठा सुरू होई. छोट्या डब्यातला माल हमालांच्या पाठीवरून मोठ्या डब्यात जाई. शंटिंग इंजिन कितीही बलवान असो, दोन मापांमधली ती दरी त्याला ओलांडता येत नाही. बार्शी लाइटच्या कौतुकात हे हमाल मात्र कुठेच दिसत नाहीत.

७/८
१९५४ मध्ये ही रेल्वे सरकारकडे आली. रुळांचे माप तेच राहिले. लातूर–धाराशिव ब्रॉडगेज २००७ मध्ये आणि तेथून कुर्डुवाडीपर्यंतचा मार्ग २००८ मध्ये सुरू झाला. छोट्या गाडीने बाजूला ठेवलेल्या धाराशिव शहराला तेव्हा कुठे रेल्वे मिळाली. एका मापाचा निर्णय शंभर वर्षांहून अधिक काळ पुरला.

८/८
आज सोलापूर–तुळजापूर–धाराशिव मार्गाचे काम चालू आहे. ‘गाडी कधी येणार?’ एवढेच विचारून थांबू नका. माल कुठे चढणार, यार्ड केवढे असणार, उद्याचा भार हे रूळ पेलणार का, हेही विचारा. रूळ एकदा पडले की पुढच्या चार पिढ्यांना त्यांच्याच मापाने चालावे लागते.