आजीचा तवा

मागच्या दिवाळीत सुरगाण्याला घरी गेलो आणि नको तो शहाणपणा केला. आजीचा बिडाचा तवा भंगारात देऊन नवाकोरा नॉनस्टिक आणला. आई काहीच बोलली नाही. परवा पाहतो तर त्याचं कोटिंग निघालेलं, आणि नागलीची भाकरी शेजारच्या काकूंकडून मागून आणलेल्या तव्यावर!

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर नवरा-बायकोने १९५८ मध्ये भारत सरकारला अहवाल दिला. त्यात भरभरून कौतुक होतं ते आपल्या साध्या लोट्याचं. का? तर तो कुणा एकाने नाही, पिढ्यांनी वापरून घडवलेला. आजीचा तवाही तसाच, वर्षानुवर्षं मुरलेला. शोरूममध्ये 'डिझाइन' शोधण्याआधी घरचं फडताळ बघा मंडळी. नवा तवा मिळेल हो, पण मुरायला किती वर्षं लागतील?