मिसिंग इंजिनात की डिस्ट्रिब्युटरमध्ये?

दापोली तालुक्यातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. अब्बांच्या पश्चात त्यांची प्रीमियर पद्मिनी घरच्यांनी विकली नाही. बाजारहाट, दवाखाना, मुलांची ने-आण अजून तिच्यावरच चालते. चार महिन्यांपासून गाडी मिसिंग करते. नवे प्लग टाकले, कॉइल बदलली, कार्बोरेटर दोनदा साफ झाला. आता गॅरेजवाले म्हणतात, इंजिन खोलावे लागेल. दुबईचा भाऊ म्हणतो, भंगारात द्या.

आमचे म्हणणे असे की दोन्ही तूर्त थांबवा. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेज लावून तपासून घ्या. ते जवळपास सारखे निघाले, तर डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडा.

या डबीकडे लक्ष जात नाही, कारण ती दिसायला साधी. पण तिचे काम पाहा. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर ठिणग्या ६००० लागतात, म्हणजे सेकंदाला १००. प्रत्येक ठिणगी पडते ती पॉइंट उघडला की, आणि तो उघडतो अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. अँबॅसॅडरच्या लुकास डिस्ट्रिब्युटरला हे अंतर ०.०१४ ते ०.०१६ इंच ठेवतात. आपल्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेत पाहावा.

गाडी कधी मिसिंग करते, हे आधी नीट आठवा. पावसात किंवा सकाळच्या दमट हवेत करत असेल, तर कॅपला चीर गेली असेल किंवा आत काळी रेघ उमटली असेल. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवले, तर वायरींवर निळसर ठिणग्या खेळताना दिसतात. हात मात्र लावू नका. तिथे हजारो व्होल्ट असतात. शेडचे दार बंद ठेवून इंजिन चालवू नका, धूर विषारी असतो. पॉइंट जळून त्यावर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा झाला असेल, तर कंडेन्सरवर संशय घ्या. ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळत असेल, तर आतल्या प्लेटची बारीक वायर बघा. व्हॅक्यूमने प्लेट सरकते तशी ही वायर दर वेळी वाकते आणि वर्षानुवर्षांनी आवरणाच्या आतल्या आत तुटते. बाहेरून ती धडधाकट दिसते, म्हणून अनेकांना चकवते.

पण पत्रातले एक वाक्य आम्हाला वेगळीच दिशा दाखवते: “पॉइंट सेट केले की आठ दिवस बरी चालते, मग पुन्हा तेच.” हे लक्षण बहुधा बुश झिजल्याचे. डिस्ट्रिब्युटरचा मधला शाफ्ट ज्या बुशमध्ये फिरतो, तो झिजला की शाफ्ट डुलू लागतो. मग एका सिलिंडरला गॅप जास्त, दुसऱ्याला कमी. गॅप वाढला की ठिणगी लवकर पडते, घटला की उशिरा. अशा गाडीला कोणतेही सेटिंग टिकत नाही, आणि दोष बिचाऱ्या कार्बोरेटरच्या माथी जातो.

तपासणी घरीही होते. इग्निशन बंद करा, कॅप आणि रोटर काढा, शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहा. खडखड जाणवला की समजा. मग फीलर गेजने गॅप एकाच कोपऱ्यावर न पाहता, इंजिन हाताने फिरवत कॅमच्या चारही कोपऱ्यांवर मोजा. चार जागी चार आकडे आले, तर मेकॅनिकला ते कागदावर लिहूनच दाखवा. टायमिंग लाइट असेल त्या गॅरेजात खूण एका जागी न थांबता नाचताना दिसेल.

इलेक्ट्रॉनिक किट बसवा, असा सल्लाही कोणी देईल. पॉइंटचा त्रास त्याने जातो, पण शाफ्ट डुलतच राहतो. आधी बुश, मग किट. बुश लेथवाल्याकडून बनवून घेता येतो. मात्र त्याने जुना नुसता ठोकून घट्ट करून देऊ नये.

तोवर मिसिंग करणारी गाडी लांब पळवू नका. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते, आणि मग खरोखरच इंजिन खोलण्याची पाळी येते.

नवा बुश बसला की देखभाल थोडीच. रोटरखाली दोन-तीन थेंब तेल, कॅमला किंचित ग्रीस, इतकेच. जास्त झाले तर ते उडून पॉइंटवर बसते. आणि डिस्ट्रिब्युटर काढण्यापूर्वी रोटरचे तोंड कुठे आहे, तिथे रंगाची खूण करा, प्लगच्या वायरींना क्रमांक घाला. पद्मिनीचा फायरिंगचा क्रम १-३-४-२ आहे.