बर्फाचा डबा उघडून पाहा

मृग तोंडावर आला की घटसर्प आणि फऱ्या यांची धास्ती प्रत्येक गोठ्यात शिरते. "लस टोचली होती, तरी म्हैस गेली," ही तक्रार आमच्या कानी वारंवार येते आणि तिचा दोष सरसकट लसीच्या माथी मारला जातो. आमच्या मते पुष्कळदा दोष लसीचा नसून तिच्या हाताळणीचा असतो.

घटसर्प, फऱ्या आणि लाळ-खुरकूत यांवरील नेहमीच्या लसी निर्जीव केलेल्या जंतूंच्या. त्यांस 2 ते 8 अंश थंडावा हवा. उन्हाने त्या जशा बिघडतात तशाच गोठल्यानेही. बर्फाला चिकटून गोठलेली बाटली पुन्हा वितळवून वापरणे म्हणजे जनावरास नुसती सुई टोचणे होय. तुरटीयुक्त लस मानेच्या कातडीखाली आणि तेलयुक्त लस खोल मांसात द्यावयाची. दर जनावरास सुई नवी हवी, हे सांगण्याची पाळी यावी हेच लाजिरवाणे. शिवाय शक्ती अंगी येण्यास दोन-तीन आठवडे लागतात. पाऊस सुरू झाल्यावर टोचणीची धावपळ करणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

जिवंत लसींची गोष्ट निराळी. 2022 साली लम्पीने थैमान घातले तेव्हा शेळ्यांच्या देवीची जी लस गाईबैलांना दिली गेली, ती या जातीची. ती पूड पातळ केल्यावर काही तासांतच संपवावी लागते. उरलेली उद्यासाठी ठेवता येत नाही. सांसर्गिक गर्भपातावरील लस तर केवळ 4 ते 8 महिन्यांच्या कालवडी-पारड्यांस, आयुष्यात एकदाच. गाभण जनावरास किंवा वळूस ती कदापि देऊ नये. टोचणाऱ्याच्या हातात मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण हा जंतू माणसासही बाधतो.

टोचणीनंतर एक-दोन दिवस दूध घटते, म्हणून जनावरे रानात दडवणारे मालक आम्हांस ठाऊक आहेत. दोन दिवसांच्या दुधाची किंमत त्यांना कळते. खुरकुताने महिनोन् महिने आटलेल्या दुधाची कळत नाही!

बुळकांडी लसीच्याच बळावर 2011 साली जगातून गेली. लाळ-खुरकुतासाठी 2019 पासून केंद्राची मोफत मोहीम आहे. दर सहा महिन्यांनी टोचणी तिच्यात अभिप्रेत आहे. मात्र ओढ्याच्या अलीकडचे गाव एका राज्यात, पलीकडचे दुसऱ्यात, आणि दोन्हीकडची गुरे एकाच पाणवठ्यावर, ही आपल्या भागाची स्थिती. अलीकडे आज आणि पलीकडे दोन महिन्यांनी टोचणी होणार असेल तर रोगास वाट मोकळीच राहते. दोन्ही राज्यांच्या पशुसंवर्धन खात्यांनी सीमेवरील तालुक्यांसाठी एकच आठवडा ठरवावा, अशी आमची मागणी आहे. तोवर मालकांनी एवढे करावे: टोचणारा दारी आला की आधी त्याच्या डब्यात बर्फ आहे की नाही, आणि बाटली त्याला चिकटलेली तर नाही ना, ते पाहावे.