स्वल्पविरामाला उच्चार नसतो

'ध' चा 'मा' केला आणि नारायणराव पेशव्यांचा जीव गेला, ही १७७३ सालची गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ती खरी किती आणि रचलेली किती, ते इतिहासकारांनी ठरवावे. पण अनर्थ घडवायला मराठीत निदान एक अक्षर तरी बदलावे लागले! इंग्रजीत तेवढेही कष्ट नकोत. एक शेपटीवाला ठिपका गाळला की पुरे.

'लेट्स ईट, ग्रँडमा' हे वाक्य घ्या. नातवंडे आजीला जेवायला बोलावताहेत. आता मधला स्वल्पविराम काढून टाका. झाले, आजीच ताटात! मी स्वतः आजी असल्यामुळे या विनोदाकडे जरा सावधपणेच पाहते. पांडाचा विनोद तर पुस्तकाचे नाव होऊन बसला आहे. लिन ट्रस या इंग्लिश लेखिकेचे 'ईट्स, शूट्स अँड लीव्ज' हे विरामचिन्हांवरचे पुस्तक २००३ साली निघाले आणि लाखांनी खपले. स्वल्पविरामाशिवाय वाचले तर पांडा कोवळे कोंब आणि पाने खातो. स्वल्पविराम घातला की तोच गरीब प्राणी जेवतो, गोळी झाडतो आणि चालू लागतो.

आता गंमत पाहा. हीच आजी मराठीत अगदी सुखरूप आहे. 'चला जेवू या आजी' असे एकही चिन्ह न घालता लिहिले, तरी तिच्या केसाला धक्का लागत नाही. तिला खायचेच ठरवले तर 'आजीला खाऊ या' असे म्हणावे लागेल. आपला 'ला' प्रत्यय राखणदारासारखा दारात उभा असतो. मोडीत तर शब्दाशब्दांत जागासुद्धा सोडत नसत, मग विरामचिन्हे कुठली? तरी राज्यकारभार चाललाच ना! आज आपण मराठीत वापरतो ती चिन्हे इंग्रजीवरूनच आलेली. मेजर कँडी यांनी त्यांच्यावर १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक लिहिले.

इंग्रजीत नामाला असा 'ला' लागत नाही. खाणारा कोण आणि खाल्ला जाणारा कोण, हे तिथे शब्दांच्या जागेवरून आणि या चिन्हांवरून ठरते. म्हणून माझे मत असे आहे की, मराठी माध्यमातले मूल इंग्रजी लिहिताना चिन्हे गाळते ते आळसाने नव्हे. त्याच्या भाषेत त्यावाचून फारसे अडत नाही, म्हणून. पण हे त्याला कोणी सांगत नाही, वहीवर नुसती लाल शाई सांडते.

सांगितले तर किती सोपे आहे! 'मुलाचे वसतिगृह' आणि 'मुलांचे वसतिगृह' यांत फरक एका अनुस्वाराचा. इंग्रजीत दोन्हींचा उच्चार एकच, 'बॉइज हॉस्टेल'. फरक करते ती अ‍ॅपॉस्ट्रॉफी. 'एस'च्या आधी असली तर वसतिगृह एकट्या मुलाचे, 'एस'च्या नंतर असली तर सगळ्यांचे. "हा इंग्रजांचा अनुस्वार समजा," असे मी वर्गात म्हणत असे आणि मग पुन्हा समजवावे लागत नसे.

अर्थ कळला म्हणजे झाले, टिंबे कशाला मोजायची, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी अमेरिकेतल्या मेन राज्याचा खटला सांगते. आठवड्याला ४० तासांहून जास्त काम केले तर दीडपट मजुरी, असा तिथला कायदा. त्यातून काही कामे वगळलेली होती : नाशवंत माल डबाबंद करणे, सुकवणे, साठवणे वगैरे, आणि शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरीचे दूध पोचवणारे ड्रायव्हर म्हणाले, यादीतले शेवटचे काम 'बांधणे' हे आहे, मग ते पाठवणीसाठी असो की वाटपासाठी. आम्ही बांधत नाही, पोचवतो. आमचा ओव्हरटाइम द्या! मालकांचे म्हणणे, 'वाटप' हे वेगळे काम आहे आणि तेही वगळलेले आहे. २०१७ साली अपील कोर्टाने ड्रायव्हरांच्या बाजूने कौल दिला आणि २०१८ साली ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. कायदा दुरुस्त करताना विधिमंडळाने प्रत्येक कामानंतर चक्क अर्धविराम घातले. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात, ते असे!

हे सगळे मी गंमत म्हणून सांगितले तरी माझा आग्रह गमतीचा नाही. मराठी माध्यमातून आलेल्या माणसाच्या इंग्रजीला लोक हसतात ते बहुधा उच्चारांवरून. ज्या घरात इंग्रजी कानावर पडत नाही, तिथल्या मुलाचे उच्चार पटकन सुधारत नाहीत, आणि ते हसणे ऐकून कित्येक हुशार मुले तोंडच मिटून घेतात. पण स्वल्पविरामाला उच्चार नसतो. तो तुमचे गाव विचारत नाही, शाळेचे नाव विचारत नाही. त्याचे नेहमी लागणारे नियम वहीच्या चार पानांत मावतात आणि त्यांना क्लासची फी लागत नाही. खेड्यातल्या शाळेत शिकलेल्या मुलीचा अर्ज आणि बड्या शाळेतल्या मुलाचा अर्ज शेजारी ठेवले, तर निदान या बाबतीत तिचा अर्ज तसूभरही कमी पडायचे कारण नाही. परक्या भाषेत बरोबरीने बसण्याची इतकी स्वस्त जागा दुसरी नाही. ती आपल्या मुलांनी सोडू नये, आणि आपण शिकवणाऱ्यांनी तर ती त्यांना आधी दाखवावी.