खवल्यांचा खरेदीदार कोण?

प्रति,
प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव), महाराष्ट्र राज्य, नागपूर

महोदय,

कोकणातल्या पेपरांत एक बातमी वरचेवर येते. बनावट गिऱ्हाईक पाठवून सापळा रचला, खवले मांजराची तस्करी उघडकीस, दोघे-तिघे ताब्यात. सोबत फोटो: टेबलावर खवल्यांचा ढीग, मागे अधिकारी, पुढ्यात मान खाली घालून बसलेली गावातली पोरं. माल कोणासाठी चालला होता, हे त्या बातमीत नसतं आणि पुढेही सहसा वाचायला मिळत नाही.

मुंग्या-वाळवीवर जगणारं हे बिनदाताचं जनावर. धोका दिसला की अंगाचं मुटकुळं करून पडून राहतं. बिबट्यापुढे ही युक्ती चालते, माणूस मात्र तेच मुटकुळं उचलून पोत्यात टाकतो. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं, त्यामुळे गेलेलं भरून यायला वर्षं लागतात. आणि हे सगळं ज्या खवल्यांसाठी, ते आपल्या नखांसारखेच केराटिनचे! मोठी मागणी चीन-व्हिएतनामकडची. इतक्या लांबचा व्यवहार मोटारसायकलवरची पोरं चालवत नाहीत.

त्यांना सोडा, असं मी मुळीच म्हणत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मधल्या अशा प्राण्याच्या गुन्ह्यासाठी किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद आहे, ती गुन्हा शाबीत होईल त्याला व्हायलाच हवी. पण त्याच कायद्याचं कलम ५२ गुन्ह्याला साहाय्य करणाऱ्यालाही गुन्हेगारच मानतं. आगाऊ पैसे देणारा, गाडी पुरवणारा, माल उचलणारा दलाल, यांना आरोपी करायला नवा कायदा नको. २००२ च्या दुरुस्तीने आलेलं प्रकरण ६-अ तर दोषी ठरलेल्याची या धंद्यातून कमावलेली मालमत्ता सरकारजमा करू देतं, साथीदारांच्या नावावर ठेवलेलीसुद्धा. तस्कराला तुरुंगापेक्षा याची धास्ती जास्त वाटेल, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून मागणी एवढीच. प्रत्येक प्रकरणात आरोपींच्या मोबाइलचे कॉल आणि बँक व्यवहार तपासून न्यायालयातल्या फिर्यादीला जोडावेत. आणि गेल्या दहा वर्षांतल्या खवले मांजराच्या गुन्ह्यांचा जिल्हावार तपशील आपण जाहीर करावा: खटले किती, शिक्षा किती, खरेदीदार आरोपी किती, मालमत्ता किती ठिकाणी जप्त झाली.

आपला,
कोकणातला एक वाचक