बॅट जप्त झालेला मंत्री

१९४२ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये कब स्काउटच्या गणवेशातला दहा वर्षांचा एक मुलगा बेसबॉलची बॅट घेऊन रेल्वेगाडीकडे निघाला. सैनिकाने बॅट काढून घेतली. म्हणे, ते शस्त्र! जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना तेव्हा, जपानशी युद्ध सुरू असताना, अमेरिकेत छावण्यांत डांबले गेले. त्यांतला हा नॉर्मन मिनेटा. पुढे तो त्याच शहराचा महापौर झाला, वीस वर्षे प्रतिनिधिगृहात बसला आणि १९८८च्या कायद्यासाठी झटला. त्या कायद्याने सरकारची माफी आणि हयात पीडितांना प्रत्येकी २० हजार डॉलर मिळाले.

डेमोक्रॅट मिनेटांना राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या मंत्रिमंडळात व्यापार खाते मिळाले, मग रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या मंत्रिमंडळात वाहतूक. पक्ष न सोडता विरोधकांकडे मंत्रिपद, हे आपल्याला अंमळ नवलाचेच.

११ सप्टेंबर २००१ला दहशतवादी हल्ल्यानंतर आकाशातली सगळी विमाने उतरवण्याचा निर्णय गाजला. पण कसोटी त्यानंतरची होती. अरब, मुस्लिम प्रवाशांना वेगळे काढा, असा धोशा सुरू असताना मिनेटांच्या खात्याने विमान कंपन्यांना लेखी बजावले, वंश वा धर्म पाहून कुणाला अडवता येणार नाही. पुढे काही कंपन्यांवर कारवाईही झाली.