मोळी डोक्यावर असली की चोरी, बॉयलरमध्ये गेली की हरित इंधन?

मंडळी, आज जरा स्पष्ट बोलतो. कुणाला राग आला तरी चालेल.

थंडीत पहाटे डोळखांबकडचे, टोकावड्याकडचे पाडे बघा. तीस घरं असतील तर तीस चुली धुमसत असतात. कशाला? आंघोळीच्या पाण्याला. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, गॅस घरात आला, चांगलंच झालं. पण मजुरीवरचं घर गॅसवर चहा करतं, हंडाभर पाणी तापवत नाही. परवडतच नाही. ते पाणी सरपणावर तापतं आणि सरपण बाईच्या डोक्यावरून येतं.

तिला वाटेत कुणी अडवलं की तिची मोळी चोरीची. तसाच लाकूडफाटा भुसा होऊन, ब्रिकेट बनून कारखान्याच्या बॉयलरमध्ये गेला की ते 'हरित इंधन'! हा कुठला न्याय?

कायदा तरी वाचा. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूच्या जोडीला झुडपी लाकूड आणि बुंधेही आहेत. त्यावर हक्कदारांची मालकी आहे. २०१२ च्या सुधारित नियमांनी वाहतुकीचा परवाना द्यायचा अधिकारसुद्धा ग्रामसभेच्या समितीला दिला. किती गावांना हे कुणी समजावून सांगितलं?

आता पुढचं. जर्मनीत युंडे नावाचं छोटं गाव आहे. तिथे २००५ पासून बायोगॅस आणि लाकडाच्या तुकड्यांवर पाणी तापवून पाइपने बहुतेक घरांत नेतात, त्यावर घरं गरम ठेवतात. प्रकल्प गावकऱ्यांच्या सहकारी संस्थेने उभारला. आपल्याला घरं तापवायची नाहीत. पण पाड्याला एक मोठा सामाईक बंब का नको? आश्रमशाळेतल्या पोरांना जानेवारीत गरम पाणी का नको? बंद भट्टी, उंच धुराडं, पावसाआधी फोडून शेडमध्ये वाळवलेलं लाकूड. ओलं लाकूड बराच जीव स्वतःचं पाणी उडवण्यातच घालवतं आणि धूर बाईच्या छातीत जातो. तीस चुलींपेक्षा एक नीट भट्टी कमी लाकूड खाईल.

"जंगल संपेल" म्हणणाऱ्यांची भीती खोटी नाही. म्हणूनच हे काम ठेकेदाराला द्यायचं नाही. पडलेलं, वाळलेलं, झुडपी तेवढंच. उभ्या झाडाला कुऱ्हाड नाही. किती आणि कुठून, ते ग्रामसभा ठरवणार. ठेकेदार आला की पहिल्या वर्षी फांद्या जातात, दुसऱ्या वर्षी झाडं.

पैसे? शहापूर तालुका पूर्ण पेसात, मुरबाडचा काही भाग पेसात. २०१५ पासून ५ टक्के अबंध निधी येतो. पेव्हर ब्लॉक आणि कमानी पुष्कळ झाल्या.

तानसा, भातसा, वैतरणेचं पाणी मुंबईला गेलं आणि धरणाच्या उशाला आमच्या बाया टँकरची वाट बघत बसल्या. पाण्याचं झालं तेच सरपणाचं होऊ द्यायचं नसेल, तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत दोन ठराव मांडा: सामूहिक वनहक्काचा दावा आणि सामाईक बंब. बायांना पुढे बसवा. मोळी त्याच वाहतात, हिशेबही त्याच विचारतील.